साथ ओसरल्यावर सवयींचं काय होतं?

(खानदेशातल्या एका वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

विषय सवयींचा आहे, तर एका शहाण्या सवयीपासूनच सुरू करतो. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं. चीजवस्तू बांधायची आणि गावाबाहेर रानात झोपडी घालून राहायचं. प्लेगच्या काळात आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतून हे चालायचं. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं प्लेग पुनःपुन्हा येत राहिला. सरकार तेव्हा काय करत होतं? मुंबईची गटारं समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडून धूत होतं, घरांना चुना मारत होतं, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवत होतं. रोग घाणीत आणि कोंदट हवेत असतो, ही तेव्हाची समजूत. उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 साली कराचीत दाखवलं, पण बरीच वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. म्हणजे गावातल्या म्हातारीला कारण ठाऊक नव्हतं, पण ती करत होती ते बरोबर होतं. साहेबाकडे प्रयोगशाळा होती, आणि तो गटारं धूत होता. गटारं धुतल्यावर उंदीर कुठे जाणार? घरात!

साहेबाला हसायचा हक्क मात्र आपल्याला नाही. 2020 साली कोविड आला तेव्हा आपण काय केलं ते आठवा. दुधाची पिशवी साबण लावून नळाखाली धरली. भाजी खायच्या सोड्यात बुडवली. काही घरांत वर्तमानपत्राला इस्त्री झाली. कुरिअरचं खोकं दोन दिवस गॅलरीत उन्हात पडून असायचं, आतला माल कितीही निकडीचा असला तरी. पुढे कळत गेलं की हा आजार मुख्यतः श्वासावाटे, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवायला पैसे पडत नाहीत. पण खिडकी उघडायची सवय काही आपल्याला लागली नाही. आजही लग्नाचा हॉल एसी हवा, क्लासची खोली एसी हवी, आणि साठ पोरं दारं-खिडक्या लावून आत.

असं का झालं असेल? मला वाटतं, धुणं आपल्या अंगवळणी आधीपासून होतं. बाहेरून आल्यावर पाय धुवायचे, चपला दाराबाहेर काढायच्या, हे नव्याने शिकवावं लागलं नाही. (इथे कुणीतरी लगेच म्हणतं, ‘बघा, आपल्या पूर्वजांचं सोवळं किती शास्त्रीय होतं!’ नाही हो. सोवळं माणसाची जात बघायचं, जंतू बघत नव्हतं.) हवा मात्र दिसत नाही, आणि हवेला विटाळ होतो असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. हात धुण्यावर माझा राग नाही. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांच्यासाठी ती सवय लाखमोलाची आहे. पण जिथे चार दिवसांनी नळाला पाणी येतं, तिथे ती टिकली नाही यात नवल काय? पिंपातलं पाणी आधी स्वयंपाकाला.

काही गोष्टी चिकटल्या, पण त्यांतल्या सगळ्याच चांगल्या आहेत असं नाही. छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर लोक 25 पैकी किती ते सांगायला लागले, दहावीचा निकाल सांगावा तसा. ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये आहे, त्यातले सेल फुटून पाणी सुटलंय. आणि गोळ्या! 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, तेव्हाचं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लाखो लोक सुरत सोडून निघाले, इकडे येणाऱ्या गाड्या भरून वाहिल्या, आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मेडिकलमधून दिसेनाशा झाल्या. प्लेगवर ते औषध निदान लागू तरी पडतं. कोविडच्या वेळी आपण अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं. विषाणूवर त्याचा काही उपयोग नसतो. तरी ती सवय पक्की बसली. आजही काउंटरवर ऐकू येतं, ‘घसा दुखतोय, ती तीन दिवसांची अ‍ॅझी द्या.’ कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असतोच.

सुरतेत आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. 1995 साली एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त झाले. रात्री रस्ते झाडून घ्यायचे, अधिकाऱ्यांनी रोज सकाळी वॉर्डात उतरायचं, कचरा करणाऱ्या दुकानदाराकडून, हॉटेलवाल्याकडून पैसे वसूल करायचे, असं सुरू झालं. ते शहर थोड्याच वर्षांत ओळखू येईना. तिथल्या नागरिकांना अचानक सुबुद्धी झाली होती असं नाही. सवय आधी महापालिकेला लागली, माणसांना नंतर.

आता ज्या सवयीबद्दल फारसं बोललं जात नाही, तिच्याकडे येतो. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात शिरून तपासण्या केल्या आणि त्यातून पुढे काय झालं, ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. पण त्या धाकाने लोक रोगी लपवायला शिकले. इस्पितळात नेतील, घरातली चीजवस्तू जाळतील, म्हणून ताप आलेलं माणूस माळ्यावर न्यायचं. 2020 मध्ये आपण दारावर कागद चिकटवला, गल्लीच्या तोंडाला बांबू ठोकले. मग लोकांनी काय केलं? तापाची गोळी खाऊन कामावर गेले. चव गेली तरी घरात कुणाला सांगितलं नाही. लपवायची ही सवय प्लेगइतकी जुनी आहे, आणि ती लावून घ्यायला कुणाला पोस्टर लागलं नाही.

मास्कचं नेमकं इथेच अडलं. हाँगकाँगमध्ये 2003 साली सार्स या श्वसनाच्या साथीने 299 माणसं दगावली. त्यानंतर तिथे सर्दी झालेला माणूस स्वतः मास्क लावून बाहेर पडायचा, आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास नको म्हणून. ती रीतच पडली. 2020 च्या जानेवारीत सरकारने सक्ती करायच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी मास्क चढवले होते. आपण मास्क लावला तो दुसऱ्यापासून वाचायला, आणि पोलिसाने दंड करू नये म्हणून. पोलीस दिसला की हनुवटीवरून वर. 2022 च्या एप्रिलमध्ये गुढीपाडव्याला सक्ती उठली आणि मास्कही उतरला. आता चुकून कुणी लावलाच, तर शेजारचा सरकून बसतो.

माझ्या दवाखान्यात दाराशी मास्कचा खोका ठेवला होता. वर पाटी, ‘खोकला असल्यास मास्क लावा.’ त्या खोक्यावर धूळ बसली. कुणाला हातात दिला तर ऐकू यायचं, ‘डॉक्टर, मला तसलं काही नाही हो, साधा खोकला आहे.’ म्हणजे मास्क देणं हा आरोप झाला होता. मग आमच्याकडे केसपेपर काढणाऱ्या ताईंनी पाटी काढून टाकली. आता कुणी खोकत आलं, की त्या केसपेपरबरोबर मास्क पुढे करतात आणि म्हणतात, ‘आजोबा, आत डोस द्यायला आणलेली तान्ही बाळं आहेत, तेवढा लावून बसा.’ आजोबा निमूट लावतात. काही जण बाळाच्या आईला ‘तुम्ही जा आधी’ असंही म्हणतात. नाक उघडं राहतं बऱ्याचदा, तेवढं ताई जाता-येता वर करून घेतात.