खिशातला चेंडू: शिकागो कब्जची चार पोरं

नमस्कार मंडळी! आज बेसबॉल. थांबा, व्हिडिओ बंद करू नका. नियम येत नसले तरी चालेल, गोष्ट कळेल.

२ नोव्हेंबर २०१६ची रात्र, गाव क्लीव्हलंड. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम लढतीचा, सातवा सामना दहाव्या इनिंगमध्ये गेलाय, मध्ये पाऊस पडून गेलाय. चेंडू सरपटत थर्ड बेसकडे येतो. क्रिस ब्रायंट चेंडू हातात यायच्या आधीच हसतोय! ओल्या गवतावर त्याचा पाय सटकतो, तरी फेक बरोबर फर्स्ट बेसवरच्या अँथनी रिझोकडे जाते. आऊट. शिकागो कब्ज ८-७ने जिंकले. रिझो काय करतो? आधी चेंडू पँटच्या मागच्या खिशात घालतो आणि मग नाचायला लागतो.

का जपला तो चेंडू? कारण याआधी ही टीम वर्ल्ड सिरीज जिंकली होती १९०८ साली. १०८ वर्षं! बेसबॉलच्या चेंडूला टाकेही १०८ असतात आणि आपल्या जपमाळेत मणीही तेवढेच. कब्जचे चाहते पिढ्यान् पिढ्या जपच करत होते म्हणा.

आता इनफिल्ड म्हणजे काय ते पटकन सांगतो. फर्स्ट बेस, सेकंड बेस, थर्ड बेस, आणि सेकंड-थर्डच्या मधे शॉर्टस्टॉप, अशी चौकडी. क्रिकेटमध्ये चेंडू नुसता तटवून उभं राहता येतं. इथे चेंडू मैदानात गेला की पळावंच लागतं. फर्स्ट बेस ९० फुटांवर, आणि बॅटर तिथे पोचतो साधारण सव्वाचार सेकंदांत. तेवढ्यात वाकायचं, चेंडू उचलायचा, फेकायचा. हात थरथरला की संपलं.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये थिओ एपस्टीन कब्जचा कारभार बघायला आला. पुढच्या वर्षी १६२पैकी १०१ सामने हरले. मग ९६. मग ८९. लोक म्हणायचे, हा माणूस करतोय तरी काय?

तर तो या चौकडीसाठी पोरं जमवत होता.

यातला रिझो मला सगळ्यात आवडतो. एपस्टीन बॉस्टनला होता तेव्हा त्यानेच २००७मध्ये याला घेतलं होतं. पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, पोराला कॅन्सर निघाला. त्यातून बरा झाला. मग बॉस्टनने एका मोठ्या खेळाडूच्या बदल्यात त्याला सॅन दिएगोला दिलं. तिथे त्याला घेणारा जेड हॉयर नंतर एपस्टीनबरोबर कब्जमध्ये आला, आणि आल्या आल्या दोघांनी एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, देऊन रिझोला परत आणलं. ज्यांनी आधी त्याला निवडलं, त्यांनीच तो पुन्हा मागून घेतला!

बाकीचे तिघं. हावियर बाएझ जुन्या कारभाऱ्यांनीच २०११मध्ये निवडलेला, म्हणजे वारशात मिळाला. ॲडिसन रसेल २०१४मध्ये ओकलंडकडून आला, जेफ समार्जा आणि जेसन हॅमल हे दोन पिचर देऊन. (हॅमल त्याच हिवाळ्यात करार करून परत कब्जमध्ये! तो सौदा मला अजून हसवतो.) आणि ब्रायंट हे १०१ पराभवांचं फळ. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेव्हा जो जास्त हरायचा तो आधी निवडायचा, त्यामुळे २०१३मध्ये कब्जचा नंबर दुसरा लागला. पहिल्या नंबरच्या ह्यूस्टनने मार्क अपेल नावाचा पिचर घेतला. त्याला मोठ्या लीगमध्ये पहिला सामना खेळायला २०२२ उजाडलं.

एपस्टीनचा हिशोब नेमका हाच होता. पिचरचा खांदा-कोपर कधी दगा देईल सांगता येत नाही. तेव्हा आधी बॅट चालवणारी पोरं वाढवा, पिचर नंतर पैसे मोजून आणा. जॉन लेस्टरला असंच आणलं, सहा वर्षांचे १५५ मिलियन डॉलर देऊन.

पण एक गोष्ट मला खटकते. २०१५मध्ये ब्रायंट तयार असूनही त्याला सुरुवातीचे जवळजवळ दोन आठवडे खालच्या लीगमध्ये बसवून ठेवलं. नियम असा, की १७२ दिवस भरले तर नोकरीचं एक वर्ष धरतात. ब्रायंटचे भरले १७१. एका दिवसापायी तो हव्या त्या टीमकडे जायला एक वर्ष उशिरा मोकळा होणार होता. तो याविरुद्ध दाद मागायला गेला आणि हरला. नियमात बसलं असेल, पण चलाखी ती चलाखीच.

त्या शेवटच्या आऊटच्या रात्री रसेल २२ वर्षांचा, बाएझ २३, ब्रायंट २४ आणि रिझो २७. सगळ्यांना वाटलं, आता दहा वर्षं यांचंच राज्य. पण त्यानंतर एकही वर्ल्ड सिरीज नाही. २०१८मध्ये घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात रसेलवर ४० सामन्यांची बंदी आली, आणि २०१९नंतर टीमने त्याला सोडलं. उरलेल्या तिघांचे करार एकाच वर्षी, २०२१ला, संपत होते.

खिशातला तो चेंडू? विजयानंतर दोन दिवसांनी, ग्रँट पार्कमधल्या प्रचंड गर्दीसमोर रिझोने तो मालक टॉम रिकेट्स यांच्या हातात दिला. २०२१च्या जुलैमध्ये रिकेट्स यांच्याच टीमने २९ तारखेला रिझोला न्यूयॉर्क यँकीजकडे पाठवलं, आणि ३०ला बाएझ आणि ब्रायंट दोघांनाही वेगवेगळ्या टीमकडे.