खाचर गहाण, माणूस वाटेवर

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे 'सुंदानी खेड्यातलं जीवन, मालमत्ता आणि प्रवास'. वाचताना हे तीन विषय वाटतात. माझं म्हणणं असं की इंडोनेशियातल्या पश्चिम जावातल्या, म्हणजे सुंदानी, शेतकऱ्यासाठी ही एकाच हिशेबाची तीन पानं आहेत. घरातलं कोणी दूर निघालं, की बहुतेक वेळा एखादं भातखाचर गहाण पडतं. मला बोलायचंय ते या गहाणाबद्दल.

जावाचा पाऊस, डचांची कॉफी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थेट पश्चिम जावातल्या प्रियांगनच्या डोंगरांत जाऊ. गारूत, तासिकमलाया, चियांजूर, सुमेदांग हा तो मुलूख. उतारावर वरच्या अंगाला 'तालून', म्हणजे बांबू आणि फळझाडांची दाट बाग. मधे घरांचा पुंजका, त्याला 'कांपुंग' म्हणतात. घरांना लागून 'बालोंग', माशांचं तळं. खरकटं, सांडपाणी त्यात जातं, त्यावर मासे पोसतात आणि तळ्याचं गढूळ पाणी पुढे खाचरांत उतरतं. ही खाचरं म्हणजे 'सावाह'.

तालून नुसतं राखीव रान नाही. बांबू तोडून, पालापाचोळा जाळून पहिल्या वर्षी तिथे भाज्या आणि कडधान्यं घेतात, दुसऱ्या वर्षी मुख्यतः कसावा, मग चार-एक वर्षं पुन्हा बांबू वाढू देतात. बांबूची मुळं पावसाने खाली गेलेलं पोषण पुन्हा वर ओढतात. हे चक्र घाईने फिरवलं, बांबूला पुरेशी वर्षं दिली नाहीत, की जमिनीचा कस उतरू लागतो.

जमीन मोजतात 'तुंबाक'मध्ये. एक तुंबाक सुमारे १४ चौरस मीटर. आपल्या एका गुंठ्यात साधारण सात तुंबाक बसतात. आता एक उदाहरण घेऊ, आणि कृपा करून आकडे लिहून घ्या, कारण पुढे ते पुन्हा लागणार आहेत. समजा एका कुटुंबाकडे २०० तुंबाक सावाह आहे, म्हणजे २८ गुंठे. चांगल्या हंगामात दीड टन ओलं भात निघतं. काही भागांत 'चेब्लोकान'ची रीत आहे: लावणी आणि बेणणी बायका मजुरी न घेता करतात, त्या बदल्यात कापणीचा हक्क त्यांचा आणि कापलेल्या भाताचा पाचवा किंवा सहावा हिस्सा त्यांचा. सहावा धरला तर २५० किलो गेलं, उरलं १२५०. वाळवून, भरडून त्याचा तांदूळ होतो निम्म्याहून थोडा जास्त, ६६० किलोच्या आसपास. चार माणसांच्या घराला वर्षाला चारशे किलो पुरतो. पाणी असेल तर वर्षात दोन पिकं येतात. म्हणजे घर खाऊन पिऊन सुखी.

इथे घराबद्दल दोन शब्द, कारण घर ही वेगळी मालमत्ता आहे. जुनं सुंदानी घर जमिनीपासून हात-दीड हात उंच, दगडी उथळ्यांवर नुसतं ठेवलेलं असतं. भिंती विणलेल्या बांबूच्या. ओल वर चढत नाही आणि धरणीकंपात सांगाडा हलतो, पण कोसळून माणसं चिरडत नाही. २१ नोव्हेंबर २०२२ ला चियांजूरमध्ये ५.६ तीव्रतेचा भूकंप झाला. शेकडो माणसं गेली, त्यांतली कितीतरी कोपऱ्यांत खांब नसलेल्या विटांच्या घरांखाली. हलकं घर जमिनीला जखडलेलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या जागेवर त्याच्या परवानगीने उभं करता येतं, उचलून हलवताही येतं. याला 'नुंपांग' म्हणतात. भाडं नाही, कागद नाही.

आता गहाण, 'गादाई'. मला ज्यांच्याशी भांडायचंय ते लोक जमिनीची पाहणी करताना एकच प्रश्न विचारतात: शेत कोणाचं? उत्तर मिळतं, अमक्याचं. पाहणी संपली. अहो, पण पीक कोण नेतो? त्या घरात खरी भूक किंवा खरी भर कुठून येते, ते या दुसऱ्या प्रश्नाशिवाय कळतच नाही.

गादाईत मालक शेताचा ताबा पैसे देणाऱ्याच्या हातात देतो आणि रक्कम घेतो. ही रक्कम अनेकदा सोन्याच्या वजनात ठरते, म्हणजे रुपिया घसरला तरी देणारा बुडत नाही. व्याज नाही, मुदतही नाही. मूळ सोनं परत येईपर्यंत सगळं पीक देणाऱ्याचं. सोडवायचं ते पीक निघाल्यावरच, उभ्या भातात नाही. कागद म्हणजे तिकीट लावलेली एक पावती, कधी तीही नाही, शेजारचा साक्षीदार पुरतो.

नेमकी फसगत पुढे आहे. पैसे देणाऱ्याकडे शेत कसायला माणूस नसतो, म्हणून तो ते मूळ मालकालाच अर्धेलीने देतो. याला 'मारो' म्हणतात. आता मघाचे आकडे काढा. ६६० किलोतले ३३० घरात. बांध तोच, कुदळ तीच, चिखलही तोच, आणि तांदूळ अर्धा. वर्षाला दोन पिकं धरली तर घर खातं, पण सोनं परत करण्याइतकं शिल्लक पडत नाही. मग गहाण दहा वर्षं चालतं, वीस वर्षं चालतं, बाप जातो आणि मुलांच्या वाटणीत गहाणच वाटलं जातं.

१९६० च्या कायद्याने, छप्पन्न क्रमांकाच्या, यावर इलाज केला होता. सात वर्षं झाली की पीक निघाल्यापासून महिन्याच्या आत शेत परत, एक पैसाही न देता. त्याआधी सोडवायचं तर साडेसातातून झालेली वर्षं वजा करायची, सातने भागायचं आणि गहाणाच्या रकमेने गुणायचं. ७० ग्रॅम सोन्यावर तीन वर्षं झाली असतील तर ४५ ग्रॅम द्यायचे. हिशेब न्यायाचा आहे, कारण पिकातून देणाऱ्याचं बरंच वसूल झालेलं असतं. पण देणारा असतो चुलता किंवा मेहुणी. कायदा दाखवला की पुढच्या अडचणीला गावात कोण उभं राहील? म्हणून सूत्र कायद्यातच राहतं.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. प्रवास राहिलाच, तो भराभर सांगतो. बांधावरून चालायचा हक्क सगळ्यांचा, पण बांधावर लावलेली चवळी मालकाची. शेजारी दर हंगामात कुदळीने बांध थोडा थोडा खरवडतो, मग वाट अरुंद होते आणि भांडण सीमेचं होतं. रस्त्यापासून लांबच्या खाचराला भाव कमी, कारण तिथलं पोतं खांद्यावरून न्यावं लागतं. तासिकमलायातल्या कांपुंग नागा गावात उतरायला चारशेहून जास्त पायऱ्या आहेत; पोत्याचा भाव तिथे पायऱ्यांनी ठरतो. पुढे मोटरसायकलवाला 'ओजेक', मग 'आंगकोत' किंवा 'एल्फ' मिनीबस, मग बांडुंग शहर. ओजेकची मोटरसायकल घ्यायला गादाई. मुलीला घरकामासाठी परदेशी पाठवायला गादाई. हजच्या रांगेत नाव लावायला अडीच कोटी रुपिया आधी भरावे लागतात, त्यासाठीही गादाई. मोटरसायकल घेतलेली असेल तर रोजच्या कमाईतून शेत सुटण्याची आशा असते. हजच्या रकमेतून काही परत येत नाही, म्हणून ते गहाण सर्वांत लांबतं.

आणि मुख्य मुद्दा. १९६० च्याच मूळ जमीन कायद्याचं कलम ५३ चार हक्कांना 'तात्पुरते' म्हणतं आणि ते लवकर संपतील असं सांगतं: गहाण, अर्धेली, दुसऱ्याच्या जागेवर राहणं आणि शेतजमीन भाड्याने देणं. साठ वर्षं उलटून गेली, चारही चालू आहेत, कारण गाव त्यांच्यावरच चालतं. अर्धेलीचा करार गावप्रमुखासमोर लेखी हवा आणि सावाहसाठी किमान तीन वर्षांचा हवा, असंही कायदा म्हणतो; गावात तो तोंडीच होतो. आता सरकार गावंच्या गावं मोजून मालकीची प्रमाणपत्रं देतं आहे. त्यात बँकेचा बोजा नोंदला जातो, मेहुणीचं गादाई नाही. करपावती आजोबांच्या नावावर आणि कसणारा तिसराच, अशा शेतावर प्रमाणपत्र चुकीच्या हातात जायला वेळ लागत नाही.

आपल्या सातबाऱ्यात 'इतर हक्क' हा रकाना असतो, तसा तिथे हवा. त्यात गहाणाची तारीख, सोन्याचं वजन आणि कसणाऱ्याचं नाव लिहावं. तारीखच नसेल तर सात वर्षं मोजायची कुठून?

अर्धेलीत खत-बियाण्याचा खर्च आधी वजा होतो की मालकाने एकट्याने सोसायचा, यावर वाटा बराच फिरतो. तो हिशेब प्रश्नोत्तरांत करू.