खिडकीकडची जागा कोणाची?

मंडळी, अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावर तुमच्यापैकी अनेकांनी रात्री काढल्या असतील. म्हणून प्रस्तावना टाळतो आणि खिडकीवर येतो.

उपनगरातल्या एका रुग्णालयाचा नकाशा मी करत होतो. पूर्वेची भिंत रस्त्याकडची, समोर मोठाले पर्जन्यवृक्ष. आयसीयूच्या खाटा मी त्या भिंतीलगत काढल्या. बैठकीत विचारणा झाली, "बेशुद्ध माणसाला खिडकी कशाला?" मुंबईतल्या चौरस फुटाचा भाव सांगून झाला आणि ती भिंत अकाउंट्स आणि कॉन्फरन्स रूमला गेली. आयसीयू मधल्या पट्ट्यात, ट्यूबलाइटखाली. मला त्याचा आजही राग आहे. पुढे तिथल्या इन्चार्ज सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "सर, पेशंट विचारतात, सहा म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे? आणि आम्हाला बाहेर पाऊस आहे हे कळतं ते ड्युटी संपवून गेटपाशी आल्यावर. छत्री वर लॉकरमध्ये!" हसलात ना? पण बारा-बारा तास आभाळ न बघता काम करायचं आणि औषधाचा डोस मात्र चुकवायचा नाही.

शिवाय आयसीयूतला प्रत्येक जण बेशुद्ध नसतो. बरेच जण अर्धवट गुंगीत, घाबरलेले असतात. झोपमोड, गुंगीची औषधं आणि खुद्द आजार यांतून भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. माणूस नळ्या उपटतो, मग त्याचे हात बांधावे लागतात. एकट्या खिडकीने हे थांबत नाही, पण दिवस-रात्र कळण्याची सुरुवात तिथून होते. रुग्णालयांच्या रचनेचे अमेरिकन अभ्यासक रॉजर उलरिच यांनी 1984मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. ते आयसीयूतले रुग्ण नव्हते, हेही सांगायला हवं.

जाता जाता आणखी एक. 1952च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशवी दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्यातूनच तिथले भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी पुढच्या वर्षी आयसीयू उभं केलं. म्हणजे खाटेपाशी आधी माणूस बसला. आपल्या नकाशांत त्याच माणसाला खुर्चीपुरती जागा नसते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. खरा विषय भराभर सांगतो.

खाटेचं डोकं भिंतीला चिकटवू नका. श्वासनलिकेत नळी घालणाऱ्याला तिथे उभं राहावं लागतं. ऑक्सिजन आणि सक्शन (कफ, स्राव ओढून घेणारी नळी) छताला टांगलेल्या खांबातून, म्हणजे पेंडंटमधून आणा. हात धुण्याचं बेसिन वाटेतच हवं, कोपऱ्यात नको. पडदे धूळ धरतात, म्हणून दोन काचांमध्ये बंद पट्ट्या घाला.

आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्डसाठी रात्रीची मर्यादा सरासरी 30 डेसिबल आहे. आयसीयू त्याच्या कितीतरी वर असतं. बहुतेक अलार्मना काही करावंच लागत नाही, आणि सतत ऐकून कान खऱ्या अलार्मलाही सरावतात. छताला आवाज शोषणारे पॅनल लावा, अलार्मच्या मर्यादा रुग्णागणिक ठरवा.

नातेवाईक कसारा-कर्जतहून येतात, जिन्यात झोपतात. त्यांना न्हाणीघर, लॉकर आणि चार्जिंग द्या. वाईट बातमी सांगायला दार असलेली खोली द्या, लिफ्टसमोरचा पॅसेज नको.

सभागृहात काही विश्वस्त बसले आहेत. तुमच्याकडे नकाशा सहीला येईल तेव्हा बाहेरच्या भिंतीवर बोट ठेवा आणि तिथे कोण बसणार आहे ते विचारा. कॉन्फरन्स रूम असेल तर सही करू नका. स्टोअर आणि मीटिंगच्या खोल्या मधल्या पट्ट्यात टाका. खाटा आणि सिस्टरांची विश्रांतीची खोली बाहेरच्या भिंतीला आणा. याला एक चौरस फूटही जास्त लागत नाही.