खुडूक नर

श्रोतेहो, नमस्कार.

2014च्या जानेवारीत शिरूरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, एक पक्षी आजारी पडलाय. आठ दिवस झाले, जागचा हलत नाही. दाण्याला तोंड लावत नाही, पाणीसुद्धा पीत नाही." मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, म्हणजे नातेवाइकांच्या लेखी अर्धा ढोरांचा डॉक्टरच. शिवाजीनगरहून एसटी धरली आणि गेलो.

पक्षी म्हणजे इमू. ते दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. गावोगाव जाळीच्या कुंपणात हे लंबूटांग ऑस्ट्रेलियन पाहुणे उभे दिसायचे. तेल महाग, मांस बिनचरबीचं, कातडं विकतं, पिसं विकतात, शिवाय पिल्लं आम्हीच परत घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांच्या गळ्यात जोड्या मारल्या गेल्या. भावानं कर्ज काढून दहा जोड्या घेतल्या. पुढं विकणाऱ्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. मका मात्र रोज लागायचा.

शेडमध्ये शिरलो तर एक मादी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उंचीत शहामृगाच्या खालोखाल हाच पक्षी; माझ्या डोळ्याला डोळा भिडत होता. वजन 40 किलोच्या आसपास. पंख आहेत, पण वीतभर, पिसांत हरवलेले. आणि पिसं तरी कसली? वाळक्या गवताची पेंढी अंगावर उलटी घातल्यासारखी. एक उपटलेलं पीस हातात घेऊन पाहिलं, तर एकाच बुडख्यातून दोन काड्या फुटलेल्या, दोन्ही सारख्याच लांब. मी पीस पाहत होतो, तेवढ्यात बाईंनी माझ्या शर्टाचं बटण तोडून गिळलं. चकाकतं ते पोटात, हा इमूचा खाक्या. दात नसल्यामुळे पोटात खडे ठेवून दाणे भरडायचे, त्या खड्यांबरोबर खिळे, नाणी, काचा, काय वाटेल ते जातं.

मग ती घुमू लागली. मादीच्या गळ्यात हवेची पिशवी असते, ती फुगली की ढम्म ढम्म असा खोल आवाज निघतो. नदीपात्रात ढोलपथकाचा सराव चालू असावा आणि आपण दूर डेक्कनवर उभे असावं, तसा. नर बिचारा नुसता घुरघुरतो.

आजारी नर कोपऱ्यात बसला होता. मान जमिनीला टेकलेली, डोळे उघडे. मी बाजूला उकिडवा बसून वाट पाहिली. बऱ्याच वेळानं तो जरासा उठला, चोचीनं खाली काहीतरी फिरवलं आणि पुन्हा बसला. तेवढ्यात दिसलं: काळपट हिरवी, खरबरीत अंडी, एकेक अर्ध्या किलोच्या वरचं. मी आठ मोजली.

"काही झालेलं नाही याला," मी म्हणालो. "खुडूक झालाय."

मामी दारातूनच हसल्या. "अरे, नर कधी खुडूक होतो का?"

होतो. इमूमध्ये नरच होतो. दिवस लहान होऊ लागले की यांची वीण सुरू होते. ऑस्ट्रेलियात ते एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडे दिवाळीच्या मागंपुढं. त्याआधी नर खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतो. मादी दोन-तीन दिवसांनी एकेक अंडं घालते आणि मोकळी होते, कित्येकदा दुसऱ्या नराकडे निघूनही जाते. मग हा बसतो तो सुमारे 56 दिवस. खाणं जवळजवळ बंद, पाणी नाहीसारखं, विष्ठासुद्धा नाही. दिवसातून दहाएक वेळा उठायचं, अंडी उलटीपालटी करायची, बसायचं. उठेपर्यंत वजन तिसऱ्या हिश्श्यानं उतरलेलं असतं.

भावाचं म्हणणं, "पण तीन वर्षांत एकदाही असा बसला नाही." कसा बसेल? अंडं पडलं की हे लोक उचलून उबवणीच्या मशीनला पाठवत होते. गिऱ्हाईक गेलं, अंडी कोणी उचलेना, तेव्हा कुठं त्याला बसायला मिळालं.

आता हाच पक्षी ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतात घुसला म्हणून 1932 साली तिथल्या सरकारनं मशीनगन घेऊन सैनिक धाडले होते. इमू पांगले, ताशी 50 किलोमीटरच्या वेगानं पळाले, आणि सैनिक हात हलवत परत गेले. शिरूरचा हा मात्र मी हातभर अंतरावर असूनही हलला नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन. आठांपैकी पाच फुटली होती. "दादा, पाठीवर खारीसारखे पट्टे आहेत रे! आणि हा बाप आता कुणाला आत येऊ देत नाही. मादी जवळ गेली तर तिला लाथ घातली."

"पाणी प्याला का?"

"बादली काठीनं आत सरकवली. अजून पितोच आहे."