वाचवणाऱ्याचीच हुर्यो
(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, १ ऑगस्ट १९९८ हा दिवस डोळ्यांसमोर आणा. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं सेल्टिक पार्क, म्हणजे सेल्टिक या फुटबॉल क्लबाचं मैदान. दहा वर्षांनी लीगचं विजेतेपद मिळालंय, शहरातल्याच प्रतिस्पर्धी रेंजर्सचं सलग दहावं विजेतेपद हुकवलंय आणि विजेत्यांचा ध्वज फडकवायला क्लबचा प्रमुख फर्गस मॅक्कॅन मैदानात उतरतो. स्टँडमधून त्याची हुर्यो सुरू होते. हुर्यो करणारे रेंजर्सचे नव्हेत, सेल्टिकचेच लोक. चार वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांचा क्लब बुडण्यापासून वाचवला होता आणि त्या दुपारी ज्या खुर्च्यांवर ते बसले होते, त्या त्यानेच बसवल्या होत्या.

मी आयोजकांना विषय दिला होता, ‘क्लब वाचवला म्हणजे नेमकं कोणी काय केलं?’ त्यावर येतोच. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

सेल्टिक आणि रेंजर्स म्हणजे काय हे इतर गावांत समजावून सांगावं लागतं, इथे नाही. पेठेची मॅच शाहू स्टेडियमवर ज्याने पाहिली आहे, त्याला एका शहरातल्या दोन संघांचं वैर शिकवायची गरज नाही. एवढं सांगतो की, सेल्टिकची स्थापना १८८७ ची. ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश मुलांच्या पोटात चार घास जावेत म्हणून हा क्लब काढला. आणि आपल्यासाठी एक आठवण. १९३६ साली कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम याच क्लबाच्या राखीव संघातून अनवाणी पायांनी खेळला. पायाला फक्त पट्ट्या बांधलेल्या. सेल्टिक म्हटलं की मला १९६७ ला जिंकलेल्या युरोपियन कपाच्याही आधी सलीमचे ते पाय आठवतात.

तर, गरिबांसाठी निघालेला हा क्लब पुढे केली, व्हाइट आणि ग्रँट या घराण्यांच्या ताब्यात गेला आणि तिथेच राहिला. ही माणसं क्लबावर प्रेम करत नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण १९८९ साली इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीची दुर्घटना झाली, तिच्या चौकशीचा टेलर अहवाल आला, उभ्याने मॅच पाहायचे कठडे जाऊन सगळीकडे खुर्च्या बसवायच्या होत्या, त्याला पैसा लागणार होता आणि तो यांच्याकडे नव्हता. रेंजर्सचा मालक डेव्हिड मरे तिकडे पाण्यासारखा पैसा ओतत होता. सेल्टिकचे संचालक कॅम्बसलँगला नवं स्टेडियम बांधायच्या योजना जाहीर करत होते. पैशाची सोय झाली म्हणून घोषणाही झाली, आणि ती टिकली नाही.

मग चाहते उठले. ‘सेल्ट्स फॉर चेंज’ नावाने सभा भरू लागल्या. घोषणा अशी की, संघाच्या पाठीशी उभे राहा, संचालकांना नारळ द्या. १ मार्च १९९४ ला किल्मार्नॉकविरुद्धच्या मॅचवर त्यांनी बहिष्कार घातला. आणि क्लब जाहीर करेल त्या आकड्यावर विश्वास नव्हता, म्हणून आत जाणारी माणसं मोजायला स्वतः पैसे देऊन माणसं उभी केली! आपण बहिष्कार घालतो तेव्हा घोषणा देऊन घरी जातो. यांनी हिशेब ठेवला. मला या चळवळीतली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

तीन दिवसांनी, ४ मार्चला, क्लब अवसायनाच्या, म्हणजे दिवाळं निघून बंद पडण्याच्या, उंबरठ्यावर होता. ओव्हरड्राफ्ट ५० लाख पौंडांच्या घरात, बँकेने दिलेली मुदत संपत आलेली. त्या दिवशी मॅक्कॅनचे पैसे पोचले, जुने संचालक गेले.

हा मॅक्कॅन कोण? क्रॉय भागातल्या सेल्टिक चाहत्यांची बस चालवण्याची व्यवस्था बघणारा पोरगा. पुढे कॅनडाला गेला, गोल्फच्या सहली काढून श्रीमंत झाला. बुटका, चष्मा, डोक्यावर कायम सपाट टोपी. गोड बोलणं ठाऊकच नाही. आल्याआल्या त्याने सांगितलं की, मी पाच वर्षांसाठी आलोय, पाच वर्षांनी जाणार. कोणी फारसं ऐकलं नाही. अध्यक्ष असं म्हणतातच, असं लोकांना वाटलं असणार.

आता माझी आवडती गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

मी ग्लासगोला शिकत असताना एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या घरी खोली घेऊन राहत होतो. त्यांचा धाकटा भाऊ दर रविवारी जेवायला यायचा. दोघंही जन्माने सेल्टिकचे, दोघांनीही क्लबाच्या शेअरविक्रीत पैसे घातलेले. थोरल्याने शेअरचं प्रमाणपत्र फ्रेम करून बैठकीत लावलेलं. धाकट्याचं कपाटात होतं. बटाटे वाढून होत नाहीत तोवर मॅक्कॅनचा विषय निघायचा.

धाकटा म्हणायचा, “टॉमी बर्न्स आमचा होता. इथे वाढला, इथे खेळला. त्याला प्रशिक्षकपदावरून काढलं. नंतरचा प्रशिक्षक व्हिम यान्सनने दहा वर्षांनी लीग दिली, तो जिंकल्यावर दोन दिवसांत गेला. डि कॅनिओ, व्हॅन हुइडोंक, कादेते, तिघंही खेळाडू पैशाच्या वादात गेले. हा माणूस पेन्स मोजत बसला आणि जाताना चार कोटी पौंड घेऊन गेला.”

थोरला म्हणायचा, “तू बसतोस ती खुर्ची कोणी बसवली?”

“मी. माझ्या पैशाने.”

यावर थोरल्याकडे उत्तर नसायचं, कारण ते खरंच होतं. मॅक्कॅनने सुमारे ९० लाख पौंड लावले, हे खरं. पण नंतरच्या शेअरविक्रीत सुमारे दहा हजार सामान्य चाहत्यांनी मिळून त्याहून जास्त रक्कम उभी केली. त्यांत बस ड्रायव्हर होते, नर्सेस होत्या, गवंडी होते. धाकट्याचा मुद्दा असा की, पैसे त्याने लावले तसे आम्हीही लावले. त्याला चौपटीहून जास्त परत मिळाले आणि पुतळा त्याचा व्हावा असं लोक म्हणतात, मग आमच्या दहा हजार जणांनी काय केलं?

थोरला मग आवाज चढवायचा. कादेतेचं प्रकरण काढायचा. १९९६ साली योर्गे कादेते या पोर्तुगीज स्ट्रायकरची नोंदणी स्कॉटिश फुटबॉल संघटनेत वेळेत झाली नाही आणि रेंजर्सविरुद्धच्या स्कॉटिश कप उपांत्य सामन्याला तो मुकला. सेल्टिक हरलं. दुसरा कोणी असता तर पत्रक काढून गप्प बसला असता. मॅक्कॅन तीन वर्षं त्या कागदांच्या मागे लागला आणि मार्च १९९९ मध्ये संघटनेचे मुख्याधिकारी जिम फॅरी यांना पद गमवावं लागलं. थोरला म्हणायचा, “शंभर वर्षं आपण ‘आपल्यावर अन्याय होतो’ म्हणत होतो. याने तो सिद्ध करून दाखवला.” इथे धाकटासुद्धा मान डोलवायचा. पेन्स मोजणाऱ्या माणसाची चिकाटी इथे कामाला आली, हे त्याला नाकारता येत नव्हतं.

एका रविवारी दोघांचं इतकं तापलं की वहिनींनी ताटं उचलली आणि दोघांना विचारलं, “ठरवलेल्या तारखेला स्वतःहून गेलेला दुसरा एक तरी फुटबॉलवाला मला दाखवा.” दोघंही गप्प. त्या प्रश्नापाशीच माझा आजचा विषय सुरू होतो.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत. दहा मिनिटं. ठीक आहे, रेंजर्सच्या लोकांनी २०१२ नंतर त्यांचा क्लब विकत घेणाऱ्या चार्ल्स ग्रीनबद्दल घातलेला वाद मी आज सोडतो, त्याचं वेगळं व्याख्यान होईल. मुख्य मुद्दा आता घाईनेच मांडतो.

क्लब वाचवणं ही एका दिवसाची गोष्ट धरली, तर ४ मार्चचं श्रेय मॅक्कॅनचं. पण गेटवर माणसं मोजणाऱ्या चाहत्यांनी जुन्या संचालकांची पत आधीच संपवली होती. ते झालं नसतं, तर त्याला कोणी आत घेतलंच नसतं. म्हणजे दार चाहत्यांनी उघडलं, आत तो आला. इथपर्यंत धाकटा भाऊ बरोबर आहे.

पण ४ मार्चनंतर जे झालं ते चाहत्यांना एकट्याने जमलं नसतं. एक पूर्ण हंगाम हॅम्पडेनला भाड्याने खेळून त्याने मुख्य स्टँड सोडून बाकीचं सेल्टिक पार्क टप्प्याटप्प्याने पाडून नव्याने बांधलं, साठ हजार खुर्च्यांचं. तेव्हा लोक म्हणत, एवढी माणसं आणणार कुठून? पुढे हंगामी तिकिटंच पन्नास हजारांवर गेली. एक फॉरवर्ड कमी घेईन पण स्टँड बांधेन, अशा वृत्तीचा तो माणूस. त्या वर्षांत ही वृत्ती कोणालाही आवडणार नाही, मलाही आवडली नसती. तिकडे मरे म्हणत होते की, सेल्टिकने पाच पौंड खर्च केले तर आम्ही दहा करू. २०१२ साली रेंजर्सची जुनी कंपनी अवसायनात गेली आणि क्लबाला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. आणि कंजूस म्हणून ज्याला नावं ठेवली, त्याच मॅक्कॅनच्या काळात १९९७ साली हेन्रिक लार्सन आला, साडेसहा लाख पौंडांत. कोणाला कंजूस म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

आणि हुर्यो? माझ्या मते हुर्यो करणाऱ्यांचा तो हक्क होता, कारण ते भागधारक होते, फुकटचे टीकाकार नव्हते. १९९४ पूर्वी रागावण्यासाठी त्यांना रस्त्यावर यावं लागायचं. आता ते आपल्याच मालकीच्या जागेत बसून रागावत होते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्याच मैदानावर मॅक्कॅन पुन्हा ध्वज फडकवायला आला, तेव्हा त्याचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत झालं. म्हणून १९९८ ची हुर्यो चुकीची होती असं म्हणतात, ते मला पटत नाही. यान्सन गेल्याचं दुःख खरं होतं.

आता त्या चार कोटी पौंडांचं. १९९९ मध्ये, सांगितलेल्या मुदतीत, तो गेला. जाताना आपले शेअर त्याने आधी चाहत्यांपुढे आणि भागधारकांपुढे ठेवले. कोणा एका धनाढ्याला गुपचूप क्लब विकून जाणं त्याला सहज शक्य होतं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मालक कसा आला यापेक्षा तो कसा गेला हे मी आधी पाहतो. आपल्याकडे २०१० साली मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला, चारच वर्षांपूर्वी राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. कारणं वेगवेगळी असतील. पण या प्रत्येक वेळी चाहत्याच्या हातात एकही कागद नव्हता, कपाटात ठेवायलासुद्धा.

मॅक्कॅनच्या योजनेत एक भोक राहिलं, तेही सांगून थांबतो. त्याने शेअर चाहत्यांना दिले, पण सुटे सुटे दिले. दहा हजार माणसं म्हणजे दहा हजार कपाटं. त्यांना एकत्र बांधणारी संस्था त्याच्या योजनेत नव्हती. पुढे आयरिश उद्योगपती डर्मट डेसमंड सर्वांत मोठे भागधारक झाले आणि सामान्य चाहत्याच्या शेअरला मोजणी उरली, वजन उरलं नाही. जर्मनीत १९९८ साली, म्हणजे हुर्यो झाली त्याच वर्षी, निम्म्याहून एक जास्त मत सभासदांकडेच राहील असा नियम झाला. सेल्टिकला तसा नियम मिळाला नाही. आपल्या तालमींच्या संघांचं नाव, मैदान आणि पैसा कोणाच्या कागदावर असावा, यावर मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. कार्यकर्ते समोर बसलेत. प्रश्न घेऊया.