‘फास्ट’ म्हणजे नेहमीच जलद नव्हे
(रत्नागिरीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

श्रोतेहो,

आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतील कोणी ना कोणी जहाजावर नोकरीला आहे, म्हणून सुरुवात जहाजावरूनच करते. जहाज धक्क्याला लागताना ‘मेक फास्ट’ असा हुकूम होतो. शाळेत ‘फास्ट म्हणजे जलद’ एवढेच पाठ केलेल्या नवख्या खलाशाला तो घाई करण्याचा वाटतो. प्रत्यक्षात तो दोर पक्के बांधण्याचा असतो. घट्ट, न हलणारा हाच या शब्दाचा जुना अर्थ. धुतल्यावर न जाणारा रंग ‘फास्ट’, गाढ झोपलेला माणूस ‘फास्ट अस्लीप’, आणि उपवासाचा ‘फास्ट’सुद्धा नेम घट्ट धरण्यातूनच आलेला. मग घट्टपणातून वेग कसा निघाला, याचे उत्तर आपल्याच बोलण्यात सापडते. आपण ‘दोर जोरात आवळ’ म्हणतो आणि ‘जोरात पळ’ असेही म्हणतो. इंग्रजीतही बळ लावून, नेटाने करण्याचा अर्थ असाच हळूहळू वेगाकडे सरकला.

‘लेट’ची (let; उशिराचा ‘लेट’ नव्हे) गोष्ट याहून अवघड आहे. ‘लेट’ म्हणजे करू देणे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आपल्या पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली आहे, तिच्यात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावे असे म्हटले आहे. तेथे ‘लेट’चा अर्थ परवानगी घेतला, तर वाक्य उलटेच होते. जुन्या इंग्रजीत करू देणे आणि अडवणे यांसाठी दोन वेगळे शब्द होते. कालांतराने त्यांचे रूप एक झाले. अडवणारा ‘लेट’ आता कायद्याच्या भाषेत आणि टेनिसमध्ये जाळीला लागून गेलेल्या सर्व्हिसमध्ये तेवढा उरला आहे. पासपोर्टवर याच विनंतीचा हिंदी मजकूरही आहे आणि त्यात ‘बिना रोक-टोक’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. दोन भाषा शिकण्याची ती रीत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते, कारण तीत शब्दासमोर शब्द नव्हे, तर वाक्यासमोर वाक्य येते.

एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिलेल्या याद्या मुलांकडून पाठ करून घेणे मला घातक वाटते. मी स्वतः अनेक वर्षे तसेच शिकवले, याचे मला मनापासून वाईट वाटते. मराठीत होडी किनाऱ्याला लागते, भूक लागते, ठेच लागते, झाडाला आंबे लागतात आणि दुरुस्तीला हजार रुपये लागतात. तरी कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण ‘लागणे’ कोणाच्या सोबतीने आले आहे ते आपण न सांगता ओळखतो. इंग्रजी वाचताना मात्र ही सवय आपण बाजूला ठेवतो.

‘सँक्शन’ घ्या. बँकेकडून ‘सँक्शन’ आले की होडीचे कर्ज मंजूर झाले म्हणून घरात आनंद होतो. त्याच घरातला मुलगा जहाजावरून कळवतो की अमुक देशावर ‘सँक्शन्स’ आहेत, आमचे जहाज तिकडे जाणार नाही. एकाच शब्दात मंजुरी आणि निर्बंध! मूळ लॅटिन शब्दात एखादी गोष्ट पवित्र, अभंग ठरवण्याचा भाव होता. अशा ठरावाला एकीकडे मान्यतेचे बळ मिळते, तर दुसरीकडे तो मोडणाऱ्याला शिक्षा. म्हणून सोबत पाहावी: कर्ज, रजा, खर्च ‘सँक्शन’ होतो तेव्हा ती मंजुरी, देशावर किंवा कंपनीवर, आणि बहुधा अनेकवचनात, आला तर निर्बंध.

काही शब्दांत चूक जिवावर बेतू शकते. मुंबई-गोवा महामार्गावरील टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले दिसले, तर ‘इनकरेक्ट’, ‘इनव्हिजिबल’ यांच्या चालीवर ‘न पेटणारे’ असा अर्थ लावू नये. येथील ‘इन’ नकाराचा नाही. आग लावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ सहज पेट घेणारे असाच आहे. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ लिहितात.

बँकेची, विमा कंपनीची, जहाज कंपनीची जी पत्रे आपण सोबत आणली आहेत, ती आता टेबलावर ठेवावीत. अडलेला शब्द दाखवताना त्याच्या मागचे आणि पुढचे वाक्यही मोठ्याने वाचावे.