टेबल न सोडणारा लॅपटॉप

(दृश्य: शिवणयंत्राच्या पेटीएवढी जाडजूड पेटी. तिचं झाकण उघडतं.)

हा 1981 सालचा ऑस्बोर्न 1. वजन सुमारे 11 किलो, पडदा जेमतेम 5 इंचांचा. आत बॅटरी नाही, म्हणजे जिथे न्याल तिथे आधी प्लग शोधायचा. तरीही लोकांनी तो हौसेने घेतला, कारण कॉम्प्युटर उचलून नेता येतो, याचंच त्या काळी अप्रूप होतं. पुढच्या वर्षी डिझायनर बिल मॉग्रिज यांनी घडवलेला ग्रिड कंपास आला. त्याचा पडदा कीबोर्डवर मिटायचा. आजही लॅपटॉप तसाच मिटतो. नासाने तर ग्रिड कंपास स्पेस शटलमधून अवकाशात नेला. आणि 2008 मध्ये एका तिमाहीत जगभरात विक्रीला गेलेल्या लॅपटॉपची संख्या पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढे गेली.

ज्याचं काम त्याच्याबरोबर फिरतं, त्याने लॅपटॉपच घ्यावा. बातमीदार, वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी, आज या साइटवर तर उद्या त्या साइटवर असणारा इंजिनिअर, यांच्यापुढे दुसरा पर्याय नाही.

(दृश्य: टेबलावर उघडा लॅपटॉप. चार्जर जोडलेला, बाजूला माउस, मागे धूळ.)

पण हा लॅपटॉप बघा. चार्जर कायम लावलेला, महिनोन्महिने जागचा हललेला नाही. असे लॅपटॉप घरोघरी आहेत आणि आमचं सांगणं त्यांच्याविषयी आहे. न फिरणाऱ्या कामासाठी फिरतं यंत्र घेतलं, की त्याची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते.

सगळ्यात मोठी किंमत उष्णतेची. प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, जेवढी वीज घेतो, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ लॅपटॉपचे प्रोसेसर बहुधा 15 ते 28 वॅटच्या हिशेबाने बनवलेले असतात. डेस्कटॉपसाठी 65 वॅट नेहमीचे, 125 वॅटचेही मिळतात. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये हवा खेळायला जागा असते, मोठा पंखा सावकाश फिरला तरी भागतं. लॅपटॉपमध्ये मात्र बोटभर फटीतून सगळी गरम हवा बाहेर काढायची असते. ती निघेनाशी झाली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणून सुरुवातीची काही मिनिटं झपाट्याने चालणारा लॅपटॉप लांबलचक व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे संपादनानंतर त्याची फाइल तयार करताना, हळूहळू मंदावतो. पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, वेबसाइट बघणं एवढंच काम असेल, तर हा फरक जाणवणारही नाही.

ग्राफिक्समध्ये तर नावावर जाऊच नका. एनव्हिडिया कंपनीचं डेस्कटॉपसाठीचं आरटीएक्स 4090 हे ग्राफिक्स कार्ड 450 वॅटचं, 24 जीबी मेमरीचं. लॅपटॉपमध्येही आरटीएक्स 4090 मिळतं, पण त्यातली चिपच वेगळी आहे, मेमरी 16 जीबी आणि वीज निम्म्याहूनही कमी.

(दृश्य: कॅबिनेटची बाजू निघते. एक हात रॅमची पट्टी खाचेत बसवतो.)

आता दुरुस्तीचं बघू. 1995 साली इंटेलने डेस्कटॉपच्या कॅबिनेटसाठी आणि त्यातल्या मुख्य भागांसाठी एटीएक्स नावाचं माप आखलं, ते आजही चालतं. त्यामुळे पॉवर सप्लाय जळला तर तेवढाच बदलायचा. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, कमी पडली तर पट्टी वाढवायची. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच, डाख देऊन पक्की (सोल्डर) केलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही, आणि बिघडली तर बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो. दहा वर्षं हळूहळू नवं करत नेता येईल असं यंत्र मिळत असताना, लोक ते केवळ जुन्या चालीचं समजून नाकारतात, याची खंत वाटते.

शरीराचंही ऐका. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला की हात अवघडतात, हात सैल ठेवले की मान वाकते. रोज तासन्तास बसणाऱ्याला स्टँड आणि वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागतो.

लॅपटॉपची एक बाजू मात्र भक्कम आहे. वीज गेली तरी काम चालू राहतं. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर चालवणारी पेटी, हवा. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि हा यूपीएस धरूनच डेस्कटॉपची किंमत लॅपटॉपशी ताडून बघा. वीजही लॅपटॉप कमीच खातो.

निवड होत नसेल, तर गेल्या महिन्यात तुमचं काम टेबलावरून किती वेळा उठलं ते आठवा. नुसते ईमेल बघायचे असतील, तर ते फोनवरही होतं.

आणि टेबलावरचा लॅपटॉप आधीच घेऊन झाला असेल, तर निदान त्याची बॅटरी जपा. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर झिजते, कधी फुगतेही. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग असते. ती आजच सुरू करा.